मुक्त सॉफ्टवेअर आणि 'वापराच्या अटी': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने आपल्या फायरफॉक्स या वेब ब्राउझरला 'वापराच्या अटी' लावल्या. तेव्हापासून एकच शंका निरनिराळ्या शब्दांत येते आहे: मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा सॉफ्टवेअरला, असल्या अटी चालतात का? वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या समजुतीप्रमाणे आहेत, वकिली सल्ला नव्हे. कंपनीसाठी निर्णय घ्यायचा असेल तर वकिलालाच विचारा.

१. परवाना आणि वापराच्या अटी यांत फरक काय? दोन्हीकडे शेवटी 'मान्य आहे' वरच क्लिक करायचं असतं ना?

ढोबळमानाने सांगायचं तर परवाना तुम्हाला काही देतो आणि अटी तुमच्याकडून काही कबूल करून घेतात. प्रोग्रामच्या प्रती काढणं, त्यात बदल करणं, तो वाटणं हे हक्क कॉपीराइट कायद्याने लेखकाकडे असतात. मुक्त परवान्याने लेखक ते सगळ्यांना देऊन टाकतो. त्यासाठी तुमची सही लागत नाही. वापराच्या अटी हा मात्र करार असतो: वापरताय म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला मंजूर आहे. मग त्यात वय, वागणूक, माहिती गोळा करणं, वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात चालवायचा, असं काहीही येऊ शकतं. विकत घेतलेलं पुस्तक कुठे बसून आणि कशासाठी वाचायचं हे प्रकाशक सांगत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र ते सांगायची सवय लावली आणि आपणही ती लावून घेतली.

२. मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं नेमकी कोणती? आणि अटींशी त्यांचा संबंध कुठे येतो?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या व्याख्येत चार स्वातंत्र्यं आहेत आणि ती शून्यापासून मोजतात. शून्य: प्रोग्राम कुठल्याही कामासाठी, हवा तसा चालवणं. एक: तो कसा चालतो हे अभ्यासणं आणि बदलणं. दोन: प्रती वाटणं. तीन: बदललेल्या प्रती वाटणं. १९९८ सालची ओपन सोर्स व्याख्या वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. तिचं पाचवं आणि सहावं कलम म्हणतं की कुठल्याही व्यक्तीशी किंवा गटाशी आणि कुठल्याही कार्यक्षेत्राशी परवान्याने भेदभाव करू नये.

अटींचा खटका बहुतेक वेळा शून्य क्रमांकाशीच उडतो. तो उडतो की नाही हे ठरवण्यासाठी आम्ही आधी एकच गोष्ट बघतो: अट कशाला चिकटवली आहे? सोर्स कोडला (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर), त्यावरून तयार करून दिलेल्या बायनरीला (थेट चालणारा प्रोग्राम), दूरच्या सर्व्हरवरच्या सेवेला, की नावाला आणि लोगोला? खालची बरीचशी उत्तरं या एका प्रश्नातूनच निघतात.

३. म्हणजे मुक्त प्रोग्राम नुसता चालवायला काहीच मान्य करावं लागत नाही? मग विंडोजवर इन्स्टॉल करताना जीपीएल दाखवून 'आय अ‍ॅग्री' का विचारतात?

काहीच मान्य करावं लागत नाही. जीपीएल या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती (२००७) नवव्या कलमात स्पष्ट म्हणते की प्रत मिळवायला किंवा चालवायला हा परवाना स्वीकारण्याची गरज नाही. १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतही प्रोग्राम चालवण्यावर बंधन नाही असं लिहिलेलं आहे. परवाना लागू होतो तो तुम्ही प्रोग्राम बदलून किंवा न बदलता दुसऱ्याला देता तेव्हा.

'आय अ‍ॅग्री' येतं ते इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनांत तसा एक पडदा आयता असतो म्हणून. तिथे काहीतरी मजकूर हवा, तर जीपीएल टाकतात. त्याने काही बिघडत नाही. पण लोकांचा समज होतो की हाही इतरांसारखाच करार आहे. तो पडदा काढता येत असेल तर काढावा.

४. फायरफॉक्सच्या बाबतीत २०२५ मध्ये नेमकं काय झालं?

२६ फेब्रुवारीला मोझिलाने फायरफॉक्ससाठी वापराच्या अटी आणि सुधारलेली गोपनीयता सूचना जाहीर केली. पहिल्या मसुद्यातल्या दोन वाक्यांनी आग लावली. एकाचा आशय असा: तुम्ही फायरफॉक्समधून जी माहिती अपलोड कराल किंवा टाइप कराल, ती वापरण्याचा जगभर लागू असलेला, विनामोबदला परवाना तुम्ही मोझिलाला देता. दुसरं वाक्य सांगत होतं की फायरफॉक्सचा वापर मोझिलाच्या 'स्वीकारार्ह वापर धोरणा'ला धरून असला पाहिजे. ते धोरण मूळचं मोझिलाच्या ऑनलाइन सेवांसाठी लिहिलेलं. त्यात लैंगिक किंवा हिंसक चित्रणाबद्दलची मनाईही होती. सेवेच्या सर्व्हरवर असली मनाई समजू शकते. ती तुमच्या घरातल्या ब्राउझरला लावली की अर्थ पार बदलतो.

त्याच सुमारास 'तुमचा डेटा आम्ही कधी विकला नाही, विकणार नाही' हे जुनं आश्वासन मोझिलाच्या पानांवरून गायब झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणच्या कायद्यांत 'विक्री'ची व्याख्या फार व्यापक आहे, म्हणून तसं सरसकट विधान करता येत नाही, असा मोझिलाचा खुलासा होता. खुलासा खोटा नाही, पण तो आधी द्यायला हवा होता.

दोनच दिवसांत, २८ तारखेला, मजकूर बदलला. तुम्ही टाकलेल्या मजकुराबाबतचा परवाना 'तुम्ही सांगाल ते करण्यापुरता' राहिला, मोझिलाला मालकी मिळत नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं आणि वापर धोरणाचा उल्लेख काढून टाकला. शून्य क्रमांकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही शेवटची दुरुस्ती सर्वांत महत्त्वाची होती, पण तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं. सगळं लक्ष डेटावर होतं.

५. फायरफॉक्सचा सोर्स मुक्त आहे. मग त्याच प्रोग्रामवर वेगळ्या अटी लावताच कशा येतात?

फायरफॉक्सच्या परवान्यातच त्याची सोय आहे. मोझिला पब्लिक लायसन्सची दुसरी आवृत्ती (२०१२) कलम ३.२ मध्ये सांगते की बायनरी वेगळ्या अटींवर देता येईल, मात्र त्या अटींनी सोर्स कोडवरचे लोकांचे हक्क कमी होता कामा नयेत. फायरफॉक्सच्या अटीही त्या फक्त बायनरीला लागू असल्याचं सांगतात, सोर्सला नाही. म्हणजे कागदोपत्री सगळं नियमात बसतं.

जीपीएलमध्ये हे चाललं नसतं. तिथे बायनरीसुद्धा त्याच परवान्याखाली द्यावी लागते आणि घेणाऱ्याच्या हक्कांवर जादा बंधनं घालण्याला थेट मनाई आहे. दुसऱ्या आवृत्तीत ती सहाव्या कलमात आहे, तिसरीत दहाव्या.

६. मग फायरफॉक्स मुक्त राहिला की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.

सोर्स: हो. मोझिलाच्या संकेतस्थळावरून घेतलेली तयार बायनरी: आमच्या मते पूर्णपणे नाही. कारण अटींच्या मजकुरात मोझिला कोणाचाही फायरफॉक्सचा वापर कधीही, कुठल्याही कारणाने थांबवू शकते, अशा अर्थाचं वाक्य आहे. प्रत्यक्षात कोणी तुमचा ब्राउझर बंद करायला येणार नाही. पण जो हक्क वापरायचाच नाही तो लिहून कशाला ठेवायचा? मुक्त प्रोग्रामच्या प्रतीला 'परवानगी काढून घेणारा' कोणी नसतो, आणि प्रश्न २ मधलं शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

यावर मतभेद आहेत. सोर्स मुक्त आहे ना, मग बायनरीवरचं वेष्टन दुय्यम, असं मानणारे जाणकारही बरेच आहेत.

७. मी डेबियनवरचा फायरफॉक्स वापरतो. मला काय फरक पडतो? आणि लिब्रवुल्फ, आइसकॅट वगैरे कशासाठी?

डेबियन ही डिस्ट्रो, म्हणजे अनेक मुक्त प्रोग्राम एकत्र करून दिलेली लिनक्सवरची प्रणाली, सोर्सवरून स्वतः बायनरी बांधते. त्यामुळे सोर्सचा परवाना तुमच्यापर्यंत थेट पोहोचतो. अडचण येते ती नावाची: 'फायरफॉक्स' हा ट्रेडमार्क आहे. बदल केलेल्या प्रोग्रामला ते नाव लावायला मोझिलाची संमती लागते. याच वादातून डेबियनने २००६ साली नाव बदलून 'आइसवीझल' केलं, आणि २०१६ मध्ये समेट होऊन जुनं नाव परत आलं. नावावरची अशी बंधनं मुक्त सॉफ्टवेअरला चालतात, कारण नाव बदललं की तुम्ही मोकळे. फायरफॉक्सच्या सोर्सवरून बनवलेले लिब्रवुल्फ आणि ग्नू प्रकल्पाचा आइसकॅट हे ब्राउझर त्याच वाटेने गेले.

अटी दाखवण्यावरून २००८ मध्येही असंच वादळ उठलं होतं. उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोवर फायरफॉक्स पहिल्यांदा उघडला की करारनामा दाखवावा, असा मोझिलाचा आग्रह होता. ओरड झाल्यावर मोझिलाने करारनामा मागे घेऊन तुमचे हक्क सांगणारं एक साधं पान दिलं. तो तोडगा आजच्यापेक्षा बरा होता.

८. शाळेत ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा प्रोग्राम शिकवतो. 'तेरा वर्षांखालील मुलांनी वापरू नये' असं कुठेतरी वाचलं. मुलांना देऊ की नको?

द्या. ती ओळ जुलै २०२१ मधल्या गोपनीयता धोरणातली. त्या वर्षी म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी ताब्यात घेतली. नव्या आवृत्तीत अपडेट तपासणं आणि बिघाड कळवणं या सोयी येणार होत्या, म्हणजे आयपी पत्ता कुठेतरी जाणार. अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्यावर कडक कायदा असल्यामुळे वकिलांनी सोपा मार्ग काढला: मुलांनी वापरूच नका. पण ऑडॅसिटी जीपीएलखाली आहे आणि तिथे वापरणाऱ्याचं वय विचारता येत नाही. त्याच महिन्यात ती ओळ काढून टाकली गेली.

यातून एक व्यवहारी गोष्ट लक्षात ठेवा. वयाची अट प्रोग्रामला नसते, माहिती बाहेर जाण्याला असते. नेटवर्कच्या सोयी बंद केल्या की प्रश्न उरत नाही. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 'मूल' म्हणजे अठराखालील व्यक्ती. म्हणून शाळांनी कुठलाही प्रोग्राम निवडताना तो काय पाठवतो हे बघावं, मग तो मुक्त असो वा नसो.

९. अज्ञान (अठराखालील) मुलाने 'मान्य आहे' दाबलं तर आपल्याकडे तो करार होतो का?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून असा करार मुळातच शून्य मानला जातो. म्हणजे बारावीतल्या विद्यार्थ्याने मान्य केलेल्या अटी त्याच्यावर लादणं अवघड. मुक्त परवान्याने प्रोग्राम चालवायला मात्र त्याला कराराची गरजच नसते (प्रश्न ३).

१०. सिग्नल, टेलिग्राम यांची अ‍ॅप्स मुक्त आहेत म्हणतात, पण वापरायच्या आधी अटी मान्य कराव्या लागतात. हा विरोधाभास नाही का?

नाही, कारण इथे दोन गोष्टी आहेत: तुमच्या फोनमधलं अ‍ॅप आणि त्यांचा सर्व्हर. दुसऱ्याचा सर्व्हर वापरताना तिथले नियम पाळावे लागणं स्वाभाविक आहे. सर्व्हर चालवायला वीज आणि पैसे लागतात, आणि स्पॅम पाठवणाऱ्याला हाकलण्याचा हक्क त्यांना हवाच.

पण हे उत्तर सोयीचं आहे, पुरतं नाही. सिग्नलचा सोर्स खुला. त्यावरून कोणी लिब्रसिग्नल नावाचं अ‍ॅप बनवलं तेव्हा २०१६ मध्ये सिग्नलचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी सांगितलं की आमचं नाव आणि आमचे सर्व्हर दुसऱ्या अ‍ॅपने वापरणं आम्हाला मंजूर नाही. तो प्रकल्प थांबला. म्हणजे कोड बदलायचं स्वातंत्र्य होतं, पण बदललेल्या अ‍ॅपने बोलायचं कोणाशी? टेलिग्रामचं नेमकं उलटं: सर्व्हरचा सोर्स बंद, पण नियम पाळून इतरांनी अ‍ॅप बनवायला मुभा. यातलं जास्त मुक्त कोणतं, यावर एकमत होणार नाही. सर्व्हर स्वतः चालवता येतो अशा सेवांत, उदाहरणार्थ नेक्स्टक्लाउड (फाइली साठवण्याची सेवा), हा पेच येतच नाही.

११. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर जीपीएलची अ‍ॅप्स ठेवता येतात का?

दुकानाच्या अटींचा फटका कसा बसतो, याचं हे जुनं उदाहरण. २०१० मध्ये ग्नू गो हा खेळ स्टोअरवर होता. स्टोअरच्या अटी डाउनलोड केलेल्या अ‍ॅपच्या वापरावर आणि वाटण्यावर बंधनं घालत होत्या, जीपीएल तशी जादा बंधनं मान्य करत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तक्रार केली तेव्हा अ‍ॅपलने अटी न बदलता खेळच काढून टाकला. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची पाळी आली. व्हीएलसीच्याच एका प्रमुख विकासकाने, रेमी देनी-कूर्मों यांनी, हरकत घेतली आणि जानेवारी २०११ मध्ये ते स्टोअरवरून गेलं. परत आलं जुलै २०१३ मध्ये, पण त्याआधी असंख्य लेखकांची संमती गोळा करून कोडचा परवाना बदलावा लागला.

सगळा कोड तुमचा एकट्याचा असेल तर तुम्ही स्टोअरसाठी वेगळी परवानगी देऊ शकता. दुसऱ्यांचा जीपीएल कोड घेतला असेल तर नाही.

१२. 'वाईट कामासाठी वापरू नका' ही अट तर चांगलीच आहे. तिला कशाला विरोध?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण भल्या हेतूने विचारतात, म्हणून जरा नीट सांगतो. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीसाठीच्या आपल्या कोडच्या परवान्यात एक ओळ घातली होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. परिणाम काय झाला? वाईट कामं करणाऱ्यांपैकी कोणी थांबल्याचं ऐकिवात नाही. अडले ते डेबियनसारखे प्रकल्प, कारण 'वाईट' म्हणजे काय हे ठरवणार कोण? २०१६ मध्ये अनेक मुक्त प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशननेही आपल्या प्रकल्पांत तो परवाना बंद केला. मानवी हक्कांची अट घालणारा हिप्पोक्रॅटिक परवानाही याच कारणाने मुक्त मानला जात नाही.

मद्यविक्रेता, लष्कर, खाटीक, गर्भपात केंद्र, राजकीय पक्ष: यांतला कोणीतरी कोणालातरी वाईट वाटतोच. प्रत्येक लेखकाने आपापली यादी घातली तर हजार घटकांपासून बनलेली एक डिस्ट्रो कोणालाच कायदेशीरपणे चालवता येणार नाही. वाईट कामं रोखायला फौजदारी कायदा आहे, कॉपीराइट हे त्याचं हत्यार नव्हे.

१३. 'आमच्याशी स्पर्धा करणारी सेवा चालवू नका' ही अट?

तीही मुक्त नाही, कारण ती कार्यक्षेत्रावर बंधन घालते (प्रश्न २). हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारणीच्या साधनाला असा परवाना लावला आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला, त्यातून व्हॅल्की तयार झालं, आणि मे २०२५ मध्ये रेडिसला एजीपीएलचा (जीपीएलचा सर्व्हरवरच्या सेवांनाही लागू होणारा प्रकार) पर्याय परत द्यावा लागला. धंद्याची अडचण खरी आहे. फक्त त्या परवान्याला 'ओपन सोर्स' म्हणू नये, एवढंच म्हणणं.

१४. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा प्रोग्राम मुक्त आहे ना?

सोर्स एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे. मायक्रोसॉफ्टकडून डाउनलोड होणारा प्रोग्राम वेगळ्या, मुक्त नसलेल्या परवान्याखाली येतो. त्याच सोर्सवरून बांधलेलं व्हीएसकोडियम मुक्त आहे. मात्र मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेंशन (जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम) दुकानाच्या अटींप्रमाणे तिथल्या गोष्टी त्यांच्याच उत्पादनांत वापरायच्या असतात. म्हणून व्हीएसकोडियमवाले ओपन व्हीएसएक्स हे दुसरं दुकान वापरतात.

१५. रेड हॅट ही लिनक्स विकणारी कंपनी. ते जीपीएलचा सोर्स ग्राहकांना देतं, पण तो वाटला तर वर्गणी बंद करण्याचा हक्क राखतं. हे जीपीएलचं उल्लंघन नाही?

प्रश्न अवघड आहे. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सचा सोर्स सर्वांसाठी देणं थांबवलं. आता सर्वांना दिसतं ते सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे त्याच लिनक्सची पुढची आवृत्ती घडते ती शाखा. जीपीएल सांगते की ज्याला बायनरी दिली त्याला सोर्स द्या. रेड हॅट देतं. ग्राहक तो वाटू शकतो, तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही. फक्त पुढच्या आवृत्त्या त्याला मिळतीलच असं नाही. पुढे कोणाशी व्यवहार करायचा हे ठरवायला कंपनी मोकळी आहे, असं एक म्हणणं. हक्क वापरला म्हणून शिक्षा हेच 'जादा बंधन', असं दुसरं. अक्षर पाळलं जातं असं आपण धरून चालू. पण ग्राहक भीतीने सोर्स वाटत नसेल तर दोन क्रमांकाचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं, असं आमचं मत.

१६. मेटाच्या लामासारखी एआय मॉडेल्स 'ओपन' आहेत म्हणतात. त्यांच्या अटी?

मुक्त नाहीत. जुलै २०२३ मधल्या लामा २ च्या परवान्यात वापर धोरण आहे, शिवाय महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्यांना मेटाची वेगळी परवानगी लागते. प्रश्न १२ आणि १३ मधल्या दोन्ही अडचणी इथे एकत्र आहेत.

१७. माझ्या जीपीएल प्रोग्रामला अटी लावायच्या आहेत. 'नुकसान झालं तर मी जबाबदार नाही' एवढंच हवंय.

मग वेगळं काही लिहू नका, ते परवान्यातच आहे. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचं सातवं कलम आणखी थोडी मुभा देतं: हमी नाकारणं, श्रेय जपायला लावणं, ट्रेडमार्कचा हक्क न देणं वगैरे. प्रोग्रामसोबत तुमचा सर्व्हरही असेल तर त्याच्या अटी वेगळ्या कागदावर ठेवा, आणि त्या फक्त खातं उघडणाऱ्याला दाखवा. 'हे सॉफ्टवेअर वापरून तुम्ही मान्य करता की' अशी सुरुवात टाळा. 'ही सेवा' लिहा. निम्मे गोंधळ त्या एका शब्दाने मिटतात.

१८. जीपीएलसोबत कोणी जादा बंधन जोडलंच असेल, तर ते मी काढून टाकू शकतो का?

सातव्या कलमाचा मजकूर म्हणतो: हो, काढू शकता. पण सावध राहा. निओ४जे कंपनीने आपल्या डेटाबेसला एजीपीएलबरोबर विक्रीला मनाई करणारं कलम जोडलं होतं. दुसऱ्यांनी ते काढून प्रोग्राम वाटला आणि प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. बंधन मूळ कॉपीराइटधारकानेच घातलं असेल तर ते काढायचा हक्क मिळत नाही, असं कॅलिफोर्नियातल्या जिल्हा न्यायालयाने धरलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं याच्या उलट आहे. म्हणून बंधन मधल्या कोणी घुसडलं की मूळ लेखकाने, हे आधी तपासा. मूळ लेखकाचं असेल तर तो प्रोग्राम मुक्त नाही असं समजून दुसरा शोधणं शहाणपणाचं.

१९. अटींत 'रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो हे शोधणं) करू नये' आहे. भारतात हे चालतं का?

मुक्त प्रोग्रामच्या अटींत हे वाक्य दिसलं तर ते सरळ सरळ एक क्रमांकाच्या स्वातंत्र्याच्या विरोधात आहे, पुढे वाचायची गरज नाही. बंद प्रोग्रामबद्दल विचारत असाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम वाचा. कायदेशीर मार्गाने मिळवलेला प्रोग्राम कसा चालतो ते निरखणं, अभ्यासणं, तपासणं, आणि दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी, सहज न मिळणारी माहिती काढणं, हा तिथे कॉपीराइटचा भंग मानलेला नाही. अर्थात भंग नाही म्हणजे दावाच होणार नाही असं नव्हे. तुम्ही सही केलेल्या कराराच्या नावाने कंपनी कोर्टात जाऊ शकते, आणि तिथे तुमचा करार वाचलेला वकीलच उपयोगी पडेल.